जेवणाच्या सुट्टीतली गाणी

तुम्ही दोघांनी तिकडून एकेक प्रश्न पाठवलात. धाकटीनं विचारलं, की बाबाच्या नव्या अल्बममधलं शेवटचं गाणं मध्येच का तुटतं, फाइल नीट उतरली नाही का? थोरल्याला वाटतं, की निम्मी गाणी नेहमीसारखी दणदणीत आहेत आणि निम्मी अशी आहेत, की जणू गाणाऱ्यासाठी कोणीतरी दाराशी खोळंबून उभं आहे; असं का?

फाइल चांगली आहे. तुमचा बाबा विचारलं तर ‘असंच केलं’ एवढंच म्हणेल. म्हणून मी, तुमची आजी, लिहिते. आजोबा गेले तेव्हा तुम्हाला येता आलं नाही. त्या दिवसांत घरात काय चाललं होतं ते तुम्ही फोनच्या पडद्यावर जेवढं दिसलं तेवढंच पाहिलंत. बाकीचं मला माहीत आहे, आणि काही तर मलाही उशिरा कळलं.

बाबाचा बँड तुमच्यापेक्षा वयानं मोठा आहे. कॉलेजात असताना तिघं एकत्र आले आणि तिघंच राहिले. बाबा गिटार वाजवतो आणि गातो. ड्रम वाजवतो तो फाउंड्रीकाका, उद्यमनगरातल्या स्वतःच्या कारखान्यात लोखंड ओततो. बेस वाजवणारा कुरुंदवाडकाका, त्याचं तिथं किराणा भुसारीचं घाऊक दुकान आहे. घरात ते कन्नड बोलतात, म्हणून तो मला पहिल्यापासून अव्वा, म्हणजे आई, म्हणतो. सुरुवातीला हे तिघं इंग्रजीत गायचे. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, तेव्हा शब्द तपासून घ्यायला माझ्याकडे यायचे. पुढे ते इथल्या बोलीत गायला लागले आणि माझी गरज संपली.

तालीम आपल्याच माडीवर असायची. आजोबा म्हणायचे, ‘मिक्सरमध्ये खोबऱ्याची अख्खी वाटी घातली की असाच आवाज येतो.’ पण कुठं कार्यक्रम असला की स्वतःच्या गाडीतून ड्रम पोचवायला तेच जायचे. पुण्या-बंगळूरच्या तरुण मुलांना यांची गाणी पाठ असायची आणि गल्लीत कोणाला हे गातात हेसुद्धा माहीत नसायचं. पाच अल्बम झाले. मग पोरंबाळं, धंदे, नोकरी, आणि बरीच वर्षं काही नाही. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी पुन्हा सुरुवात केली. या वेळची गाणी बरीचशी हळू होती. फाउंड्रीकाका म्हणायचा, ‘आता पयल्यासारखं बडवाय लागलो तर खांदा निखळंल, काकू.’

त्यांचं रेकॉर्डिंग त्याच्याच कारखान्याच्या वरच्या मजल्यावर चालतं. खाली लाकडी साचे बनतात, वर त्यानं गाद्या आणि पोती ठोकून एक खोली केली आहे. आजूबाजूला सगळे लेथ आणि ग्राइंडर. म्हणून हे फक्त सोमवारी, सगळं उद्यमनगर बंद असतं तेव्हा, रेकॉर्ड करायचे. आणि तिघं एकदम वाजवणार, बाबा त्याच वेळी गाणार. आज एकानं, उद्या दुसऱ्यानं येऊन आपापला भाग भरायचा, हे त्यांना जमत नाही. मोठ्या आवाजाची गाणी अशा सोमवारी होऊन गेली होती. हळू गाणी राहिली होती.

त्याच सुमारास बाबाच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं ते तुम्हाला कळवलं होतं. पण डॉक्टरांनी आधी काय सांगितलं होतं ते कळवलं नव्हतं. गाठ थायरॉइडची होती, काढणं भाग होतं, आणि स्वरयंत्र हलवणारी शीर गाठीला अगदी लागून होती. डॉक्टर म्हणाले, माणूस नक्की बरा होईल, बोलेलही, गाण्याचं मात्र आत्ता काही सांगता येत नाही. हे तुमच्या आईला ठाऊक होतं आणि त्या दोघांना. आजोबांची तब्येत बरी नसायची, म्हणून आम्हा दोघांना सांगायचं नाही असं ठरलं होतं. ऑपरेशनची तारीख घेतली. त्याच्या आधी राहिलेली गाणी करून टाकायची म्हणून फाउंड्रीकाकानं गिऱ्हाइकांना थांबवून भट्टी बंद ठेवली, शेजारच्या कारखान्यांशी बोलून ठेवलं, पुण्याहून रेकॉर्डिंगचं यंत्र सांभाळणारी मुलगी बोलावली.

आणि ज्या सकाळी ती यायची होती त्याच सकाळी आजोबा चहा घेऊन आडवे झाले ते उठले नाहीत. ऑपरेशनची तारीख तेराव्याच्या लगेच नंतरची होती.

आता माझं सांगते. माझ्या हातून घर चाललं होतं, दुसऱ्या कोणाच्या हातून ते चालू देणं मला जमत नाही. नैवेद्य, समई, येणाऱ्यांच्या सतरंज्या, पिण्याचं पाणी, सगळं मी बघत होते. त्यानं मला धरून ठेवलं असावं. पहिल्याच दिवशी भेटायला आलेल्या कोणाचा तरी फोन वाजला, नाचाचं गाणं होतं. मी म्हणाले, ‘तेरावा होईपर्यंत या घरात गाण्याचा आवाज नको. फोनसुद्धा गप्प ठेवा.’ तुमचे ते दोन्ही काका तेव्हा दाराशीच उभे होते. कुरुंदवाडकाकानं मान डोलावली आणि खिशात हात घालून स्वतःचा फोन बंद केला.

त्या दिवसापासून दोघं रोज येत. फाउंड्रीकाका सकाळी येऊन सतरंजीवर बसे, संध्याकाळी उठे. कुरुंदवाडकाका दुकान भावावर टाकून येई आणि येताना घरच्या भाकरी आणि उसळीचा डबा आणी. आपल्याकडे दुखवट्याच्या घरातून निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत. तेही न म्हणता उठून जात. मी एकदा फाउंड्रीकाकाला विचारलं, ‘भट्टी कोण बघतंय रे?’

‘बंद हाय, काकू.’

‘इतके दिवस?’

‘बंदच हाय.’

मला भरून आलं. आजोबांसाठी एका माणसानं भट्टी थंड ठेवली, असं मी धरून चालले, आणि भेटायला येणाऱ्या बायकांना तसं सांगितलंही. तो समोर बसून ऐकून घेत होता. वरची खोली माझ्या एका वाक्यामुळं रिकामी पडून आहे आणि बाबाच्या गाण्याचे उरलेले दिवस चालले आहेत, हे बाबाला, तुमच्या आईला आणि त्या दोघांना कळत होतं, मला नव्हतं.

रक्षाविसर्जन होऊन काही दिवस झाले होते. दुपारी मी मागच्या मोरीवर तांब्या घासत होते आणि ते दोघं परसातल्या नळाशी हात धूत होते. मी भिंतीआड होते.

‘तू इचार.’

‘म्या कसा इचारू? माझ्या तोंडातनं नीट काय निघतंय व्हय? तुला अव्वा म्हणाय येतंय, तू इचार.’

‘अव्वा म्हणाय येतंय म्हणूनच इचारवत न्हाय.’

‘मग बस बोंबलत. तकडं तारीख काय थांबत न्हाय. गळा कापला की मग काय पेटी वाजवाय लावायची का त्येला?’

मी तांब्या ठेवून पुढे झाले. ‘काय विचारायचं आहे?’

पन्नाशी उलटलेली दोन माणसं, शाळेत मागच्या बाकावर सापडलेली मुलं उभी राहतात तशी उभी राहिली. कुरुंदवाडकाका खाली बघायला लागला. फाउंड्रीकाकानं ओले हात पँटला पुसले आणि सगळं सांगून टाकलं. गाठ, शीर, तारीख, भट्टी. मध्ये कुठं थांबला नाही. त्याला ते फार दिवस तोंडात धरून ठेवावं लागलं होतं.

मी नळाजवळच्या दगडावर बसले. आधी मला बाबाचा राग आला. मग आठवलं, की दोनच महिन्यांपूर्वी आजोबांच्या छातीचा फोटो काढला तेव्हा त्यात काय निघालं ते मी याला सांगितलं नव्हतं. या घरात असंच चालत आलं आहे.

कुरुंदवाडकाका म्हणाला, ‘अव्वा, आमच्यात सुतक नसतंय. आमच्यात माणूस गेला की त्येला बसवत्यात आणि म्होरं बसून भजनं म्हणत्यात. माझ्या आईम्होरं मीच म्हटली की.’

‘मग तू इतके दिवस गप्प का बसलास?’

‘तुमच्यात असतंय की.’ त्यानं एवढंच म्हटलं.

मी आत गेले. बाबा समईशेजारी बसला होता. दाढी वाढलेली, खांद्यावर पांढरा पंचा. दिवस तो करत होता, म्हणून घराचा उंबरा त्यानं ओलांडायचा नव्हता. मी त्याला म्हणाले, ‘मला कळलं आहे. तू आज उद्यमनगरला जा.’

मला वाटलं होतं तो डोळे पुसेल, किंवा रागावेल त्या दोघांवर. तो वात पुढे सारत म्हणाला, ‘राहू दे आई. नाही जमलं तर नाही जमलं.’

‘मी बोलले म्हणून म्हणतोस का? ते मी फोनबद्दल बोलले होते.’

‘तुझ्यामुळं नाही.’ त्यानं समईत तेल घातलं. ‘आबा गेले आणि तू गाणं बंद म्हणालीस, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू? तिथं जाऊन गायचं म्हणजे हे शेवटचं हे माहीत असताना गायचं. प्रत्येक ओळ म्हणताना मनात तेच. न गाता ऑपरेशनला गेलो तर जे शेवटचं झालं ते निदान न कळता झालं असं होईल.’

मी शिक्षिका होते, भीतीचं काय करायचं ते मला मुलांना सांगता यायचं, पण ती मुलं दुसऱ्यांची असायची. मी म्हणाले, ‘तुला नको असेल तर मी आग्रह करणार नाही. पण तो बाहेर बसलाय तो भट्टी बंद ठेवून बसलाय. त्याला तू उठून सांग. तो तुझ्या तोंडून ऐकेल तर घरी जाईल. माझ्या तोंडून ऐकून जाणार नाही.’

बाबा उठला. परसात गेला. त्यांचं काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, ऐकायलाही गेले नाही. फक्त फाउंड्रीकाकाचा आवाज एकदा चढला, ‘मग माझ्यासाठी म्हण की! मला काय तुझ्यासारखं गाता येतंय व्हय? तुझ्या मागं वाजवण्यात माझा जन्म गेला, त्ये ऱ्हाऊ दे म्हणतोस?’ मग बाबा आत आला आणि मला म्हणाला, ‘तू पण चल. तू नसलीस तर मी जिन्यातूनच परत येईन.’

आता कोडोलीची आत्या. आजोबांची धाकटी बहीण पहिल्या दिवसापासून मुक्कामाला होती. तिला सांगितल्याशिवाय जाणं मला शोभलं नसतं.

‘कर्ता माणूस घराभायेर? आणि तू पण? लोक शेण घालतील तोंडात, वैनी.’

‘घालू देत.’

‘दिवा पेटता हाय अजून दादाचा.’

‘म्हणून तर तुम्हाला सांगते आहे. तुम्ही दिव्यापाशी बसा.’

ती समईकडे सरकली. ‘बसत्ये. दिवा इझू द्यायची न्हाय मी. पण मला पटलेलं न्हाय, सांगून ठेवत्ये.’ आणि तेरावा होईपर्यंत ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिचं मला वाईट वाटलं नाही. तिचा भाऊ गेला होता, आणि तिनं त्याच्यासाठी जे धरून ठेवलं होतं त्यातलं मी काढून घेत होते.

आता थोरल्याच्या प्रश्नाकडे येते. तिथं गेलो तर शेजारचे कारखाने सगळे चालू. आधी फाउंड्रीकाकानं त्यांच्याशी जे ठरवलं होतं ते दिवस निघून गेले होते, मधला सोमवारही. मोठ्या आवाजाच्या गाण्यात लेथ लपतो, हळू गाण्यात लपत नाही. तो एकेका दारात जाऊन आला. खिडकीतून मला ऐकू येत होतं.

‘पावणं, गाणं म्हणायला लेथ बंद करू व्हय? डिस्पॅच हाय आज.’

‘तासभर.’

‘जेवायच्या सुट्टीत बंदच असतंय की. तवा म्हणा, किती म्हणायचं ते.’

आणि दुसऱ्या दिवसापासून तसंच झालं, पुण्याची मुलगीही आली. जेवणाची सुट्टी झाली की एकेक मशीन थांबे. शेवटचा ग्राइंडर थांबला की यंत्रावरची मुलगी बोट वर करी. माणसं डबे खाऊन परत येईपर्यंत जेवढं होईल तेवढं. पुन्हा म्हणायला वेळ नाही, नीट करत बसायला वेळ नाही. गाणाऱ्यासाठी कोणीतरी खोळंबलं आहे असं तुला वाटलं ते खरंच आहे, खाली माणसं खोळंबलेली असायची. एकदा तर शेजारचा एक कारागीर डबा घेऊन जिन्यात येऊन बसला आणि घास न चावता ऐकत राहिला, आवाज होईल म्हणून.

मी साच्यांच्या खोलीतून आणलेल्या एका लाकडी पेटीवर भिंतीला टेकून बसत असे. इतकी वर्षं मी यांना जिन्याखालून ऐकलं होतं, समोरून कधी नाही. बाबा गाताना डोळे मिटत नाही, हे मला तेव्हा कळलं. तो फाउंड्रीकाकाच्या हातांकडे बघत असतो. आणि फाउंड्रीकाका त्याच्या गळ्याकडे बघत होता. कुरुंदवाडकाका कोणाकडेच बघत नव्हता, त्याचं तोंड भिंतीकडे होतं. त्या गाण्यांतलं एक मुलांना शाळेत सोडून परत येणाऱ्या माणसाबद्दल आहे, ती मुलं तुम्हीच आहात. दुसरं आजोबा जाण्याआधी लिहिलेलं होतं, त्यात एक म्हातारा गाडीच्या टपावर ड्रम बांधतो. ते म्हणताना बाबाचा आवाज एका जागी खाली गेला. त्या मुलीनं काचेतून विचारलं, तेवढी ओळ पुन्हा घ्यायची का? बाबानं घड्याळाकडे बघून मान हलवली. ती ओळ तशीच आहे.

रोज दुपारी जायचं आणि लेथ सुरू झाले की घरी यायचं. आल्यावर दारातच पाय धुवायचे, अंघोळ करायची आणि पुन्हा समईपाशी बसायचं. कोडोलीची न बोलता उठून जागा देई.

शेवटच्या दिवशी शेवटचं गाणं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तेरावा, मग ऑपरेशन. त्या दिवशी सुट्टीतला बराच वेळ एका तुटलेल्या वायरपायी गेला होता. बाबानं सुरुवात केली तेव्हाच आम्हा सगळ्यांना कळत होतं, की पुरणार नाही. गाणं अर्ध्याच्या पुढे गेलं. शेवटच्या कडव्यात तो आला, आणि शेजारी कोणीतरी लेथ सुरू केला. आधी एक हुंकार, मग घरघर. बाबा ओळीच्या मध्यावर होता. तो थांबला. फाउंड्रीकाकाचे हात दोन ठोके पुढे गेले आणि तेही थांबले.

‘थांब, त्येला बंद कराय लावतो,’ म्हणत तो उठला. ‘त्येच्या मशिनीला कुलूपच घालतो.’

‘नको.’

‘आरं दोन वळी ऱ्हायल्यात.’

‘ऱ्हाऊ देत,’ बाबा म्हणाला.

‘दोनच वळी हायत, मर्दा. आत्ता म्हणून टाक.’

‘ऱ्हाऊ देत म्हणतोय न्हवं.’ त्यानं गिटार उतरवून भिंतीला लावली. मुलीनं विचारलं, पुढचं यंत्रावर जुळवून देऊ का, मागच्या तालमीतलं काहीतरी असेल. तो म्हणाला, ‘इथंच कापा. लेथसकट.’ फाउंड्रीकाका ड्रमच्या मागं बसून राहिला. मग त्यानं काठ्या पोत्यात गुंडाळल्या आणि खाली जाऊन माणसांना सांगितलं, की उद्यापासून भट्टी पेटवा.

धाकटे, तू ऐकलेलं गाणं तिथं तुटतं. त्या दोन ओळी काय होत्या ते मला ठाऊक नाही. कागद बाबाकडे आहे. मी मागितला नाही, तूही मागू नकोस.

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ निघाली, तपासणीत वाईट काही निघालं नाही, हे आधी लिहायला हवं होतं. आवाजाची शीर वाचली, पण दुखावली गेली. पहिले काही दिवस तो पाटीवर लिहून दाखवायचा. मग कुजबुजला. आता तो बोलतो. आवाज पातळ आहे, संध्याकाळी दमतो, आणि मोठ्यानं हाक मारता येत नाही, म्हणून माडीवरून मला बोलवायला तो कठड्यावर टिचक्या मारतो. गाण्याचं विचाराल तर डॉक्टर अजून थांबा म्हणतात. तो रोज सकाळी त्यांनी दिलेला व्यायाम करतो, एकच स्वर धरून. कधी धरला जातो, कधी निसटतो. मी स्वयंपाकघरात असते. आत जात नाही.

अल्बम निघाला तेव्हा दोन्ही काका पेढे घेऊन आले. तिघांनी मिळून तो ऐकला नाही, माडीवर गेले आणि नुसतं वाजवलं, गाण्याशिवाय. कोडोलीच्या आत्यानं मात्र तिच्या नातवाच्या फोनवर ऐकला म्हणे. मला फोन करून म्हणाली, ‘दादाच्या गाडीचं ऐकलं. मला तवाही पटलं नव्हतं, आताबी न्हाय. पण ऐकलं.’

तुम्हाला एवढं सगळं लिहिलं त्याचं कारण निराळं आहे. दर रविवारी तुम्ही फोन करता. बाबा फोन घेतो आणि लगेच बोलत नाही. त्याला आधी श्वास घ्यावा लागतो, आवाज गोळा करावा लागतो. तेवढ्यात तुम्ही तिकडून ‘हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का’ म्हणता, नेटवर्क गेलं असं समजून ठेवून देता आणि पुन्हा लावता. मग तो फोन तुमच्या आईच्या हातात देतो आणि परसात जातो. मी दोनदा पाहिलं आहे.

ठेवू नका. तो तिथं असतो. थोडं थांबा, तो बोलेल.